चंपाशेठची राखाडी पेठ

चंपाशेठच्या उजव्या हाताची तर्जनी कायम राखाडी असायची. नखाच्या कडेला, पेराच्या चिरांमध्ये तो रंग असा मुरला होता की रॉकेलनं पुसला तरी जायचा नाही. बाकी माणूस एकदम टापटीप. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला एकच पेन, कपाळावर देवळातून येताना लावलेला केशराचा टिळा. पण वस्तू द्यायला हात पुढं केला की आधी ते बोट दिसायचं. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, शेठचं बोट दारात सापडलं असणार. आम्हा घोडेगावच्या पेठेतल्या लोकांना माहीत होतं, तो रंगाआधी मारायचा प्रायमर आहे. स्प्रेच्या डब्याची चोच दाबून दाबून लागलेला.

माझा फोटो स्टुडिओ त्यांच्या दुकानाच्या बरोबर समोर. मधून शिनोलीकडं जाणारा रस्ता. हल्ली लोक लग्नसुद्धा मोबाइलवर काढतात, माझ्याकडं येतात ते अर्जावर चिकटवायच्या फोटोपुरते. त्यामुळं बसून समोरच्या दुकानाकडं बघणं हाच माझा अर्धा धंदा झाला होता. त्या बघण्यातून जे साठलं तेवढं इथं लिहितोय. शेठ कुठल्या शाळेत गेले, किती शिकले, हे मला माहीत नाही आणि त्यावाचून माझं कधी अडलं नाही.

दुकान हार्डवेअरचं. पाइप, बिजागऱ्या, कुलपं, खिळे आणि मागच्या भिंतीला रंगाचे डबे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून येऊन जुन्या आंबेगावच्या पेठेत बसले होते. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ती पेठ, देऊळ, घरं सगळी खाली गेली आणि नुकतंच लग्न झालेले शेठ बायकोला घेऊन घोडेगावात आले. घरात ते आपसात मारवाडी बोलायचे, पण वाद घालायचा झाला की दोघंही मराठीवर यायचे. आणि ते मराठी आमच्यापेक्षा गावरान.

त्यांच्या पत्नी कंचनभाभी दुपारी गल्ल्यावर बसायच्या. भाभींचं सगळं हातावर चालायचं. कुणी पत्र्याचा किंवा लाकडाचा तुकडा आणून "याच्यावर काय लावू" विचारलं की त्या आधी त्याच्यावर बोट फिरवायच्या आणि मग बोट अंगठ्यावर चोळून बघायच्या. "हा नुसता प्रायमर हाय. वर रंग बसलाच न्हाई," असं न बघता सांगायच्या. प्रायमर हाताला रवाळ लागतो, रंगानं धरून बसावं म्हणून. रंगाचा हात चढला की तेच अंग गुळगुळीत होतं. मला दोन्ही सारखंच लागायचं, पण भाभींचं बोट कधी चुकल्याचं मी पाहिलं नाही.

शेठशी माझी खरी ओळख एका कपाटामुळं झाली. पोरीचं लग्न ठरलं होतं आणि घरातलं जुनं लोखंडी कपाट रंगवून तिला द्यायचं, असं आमच्या घरात ठरलं होतं. मी रस्ता ओलांडून गेलो आणि स्प्रेचा रंग मागितला.

"कशावर मारायचा?" शेठनी विचारलं.

"कपाट हाय जुनं."

"गंज?"

"थोडाफार."

"मंग आधी प्रायमर न्या."

"शेठ, लग्न तोंडावर आलंय. नुसता रंग द्या की. आतलं कुणाला दिसतंय?"

"म्हणून तर म्हणतो. रंग लपवतो, भाऊ. प्रायमर दाखवतो. आधी काय खराब हाय ते डोळ्यानं बघा, मंग झाका."

मी म्हटलं, मला बघायचंच नाही. पण शेठनी रंग दिला नाही. दुपारी तेच प्रायमरचा डबा घेऊन माझ्या अंगणात हजर झाले. नाकातोंडाला मास्क बांधला, डबा कानाशी धरून हलवायला लागले. आतली गोळी टकटक टकटक वाजत राहिली. मी कंटाळून चहा प्यायला आत गेलो, परत आलो तरी वाजतच होती. मग कपाटापासून वीतभर लांब डबा धरून, कडेच्या अलीकडून चोच दाबायची, हात सरळ न्यायचा आणि कडेच्या पलीकडं जाऊन सोडायची. एका जागी थांबायचं नाही. थांबलं की ओघळ. पहिला हात इतका पातळ की खालचा हिरवा रंग दिसत राहिला. मी म्हटलं, "शेठ, कंजुषी करताय का?" ते हात फिरवत राहिले. मास्कच्या आत हसले असतील तर माहीत नाही.

दुसरा हात वाळला आणि माझ्या कपाटाचे सगळे पोचे, ओरखडे, कुणीतरी कधीतरी केलेल्या वेल्डिंगचे फोड एकदम वर आले. इतकी वर्षं घरात असलेलं कपाट मला नवीनच दिसलं, आणि ते काही बरं वाटलं नाही. शेठ मात्र खूश. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायला बसले. घासलं, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासलं. शेवटी पोरगी सासरी आधी गेली आणि कपाट मागून टेम्पोनं गेलं. आजही पोरगी सांगते, बाबा, तेवढं एक कपाट खराब झालेलं नाही. मी तिला सांगतो, त्यात माझा काही हात नाही.

शेठ जैन, त्यामुळं मास्कवरून पेठेत त्यांची फार टिंगल व्हायची. शेजारचा किराणावाला विचारायचा, "शेठ, दीक्षा घेतली का राव?" शेठ शांतपणे म्हणायचे, "ही साधूंची मुहपत्ती न्हाई, ही फुप्फुसाची हाय." पण खरं सांगायचं तर शेठ स्प्रे हातात घेताना कुठल्याही महाराजांइतकेच जपून वागायचे. ओल्या प्रायमरवर चिलट बसलं की सुटत नाही, तिथंच मरतं. म्हणून त्यांनी मोठ्या खोक्याला मच्छरदाणीचं कापड लावून एक पेटी केली होती आणि छोट्या वस्तू त्या पेटीतच मारायचे. आणि चातुर्मासात डब्याला हात लावायचे नाहीत. आषाढात हवेत किडा-मुंगी फार, तेव्हापासून कार्तिकी पौर्णिमा होईपर्यंत बंद. दुकानात विक्री चालू असायची. मी एकदा विचारलं, "विकलेलं चालतं का?" तर म्हणाले, "तो धंदा हाय. चोच दाबायची ती माझ्या बोटानं न्हाई." हे गणित मला कधी पटलं नाही, पण त्यांचं त्यावर चालायचं.

भाभींची शुगर जुनी होती. तिनं आधी पाय धरले, मग डोळे. एक डोळा गेला तेव्हा भाभी गल्ल्यावर तशाच बसायच्या, फक्त मान थोडी वळवून बघायला लागल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, लेझर केलं, आणि दुसऱ्या डोळ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, कधीपर्यंत राहील ते सांगता येणार नाही.

त्याच उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं. जुन्या पेठेची जोती उघडी पडली आहेत अशी बातमी आली. शेठचा मुलगा पुण्याला असतो, तो गाडी घेऊन आला, आणि फोटो काढायला म्हणून मलाही बरोबर घेतलं. गाळ वाळून भेगाळला होता. त्यातून चालत आम्ही जुन्या पेठेच्या रस्त्यावर गेलो. जोती होती, उंबऱ्यांचे दगड होते, देवळाचे कोरलेले दगड इकडं-तिकडं पडले होते. शेठ पावलांनी माप घेत फिरत होते. भाभी एका ठिकाणी उभ्या राहिल्या आणि चांगला डोळा बारीक करून बराच वेळ बघत राहिल्या.

"सगळं एकाच रंगाचं झालंय की हो," त्या म्हणाल्या.

खरंच तसं होतं. दगड, माती, लाकडाचा एखादा उरलेला तुकडा, सगळ्यावर गाळाचा एकच रंग बसला होता. परतताना गाडीत भाभी कुणाला उद्देशून असं नाही, पण बोलल्या, "एकदा पेठ व्हती तशी रंगात बघायला मिळाली असती तर लई बरं झालं असतं. मंग गेला डोळा तर गेला." शेठ पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते माझ्या स्टुडिओच्या पायरीवर बसलेले. माझ्या वडिलांनी पेठ उठायच्या आधी तिथले बरेच फोटो काढले होते, ते शेठना हवे होते. मी पेटी उघडून दिली. शेठनी एकेक फोटो भिंगाखाली धरून दारं किती उंच, ओटे किती रुंद ते ताडायला सुरुवात केली. मी म्हटलं, "शेठ, ब्लॅक अँड व्हाइट हायेत. माप मिळंल, रंग कुठनं आणणार?"

"रंग हिच्याकडं हायेत," शेठ म्हणाले.

भाभी त्या पेठेत लग्न होऊन आल्या त्या घुंगट घेऊन. मला त्यांनी ते नंतर कधीतरी सांगितलं. "घुंगटातनं माणसांची तोंडं कुठली दिसायला, भाऊ? दारंच दिसायची. कुणाच्या घरापुढनं चाललोय ते दाराच्या रंगावरनं कळायचं. सासरची माणसं वळखायच्या आधी मी दारं वळखायला शिकले." त्यामुळं अख्ख्या पेठेची दारं त्यांच्या डोक्यात होती. शेंदरी, पिस्ता, डांबरी काळं, एक अर्धं हिरवं आणि अर्धं तसंच, कारण त्या घरातल्या भावांचं वाटप झालं होतं आणि एकानंच रंग दिला होता.

फक्त एका दाराबद्दल नवरा-बायकोचं पटायचं नाही, ते त्यांचं स्वतःचं. शेठ म्हणायचे निळं, भाभी म्हणायच्या मोरपंखी.

"माझ्या बापानं रंग आणला, मी ब्रश मारला, आणि ही मला शिकवती."

"ब्रश तुमी मारला असंल. पण त्या दारापुढं मी माप ओलांडायला उभी व्हते. मोरपंखीच."

हे भांडण गिऱ्हाइकासमोर चालायचं. कुणी खिळे मागत उभं असलं तरी त्याला थांबावं लागायचं. मला ते ऐकायला फार आवडायचं.

शेठनी पेठ बांधायला घेतली ती मागच्या खोलीत, प्लायवूडच्या मोठ्या फळीवर. सुरुवात देवळापासून. शिखर कोरायला सोपं जावं म्हणून त्यांनी ते थर्माकोलचं केलं. फार सुंदर झालं होतं, मी त्याचा फोटोही काढला. आणि मग, आयुष्यभर स्प्रे विकलेल्या या माणसानं त्याच्यावर प्रायमर मारला. गिऱ्हाइकाला हजार वेळा सांगितलं असेल की थर्माकोलवर स्प्रे चालत नाही, आतलं द्रावण ते खातं. पण भाभींना संध्याकाळपर्यंत दाखवायचं या घाईत त्यांचं भान सुटलं. मी तिथंच होतो. शिखर आधी चुरचुरलं, मग टोकाकडून आत बसत गेलं, आणि बघता बघता त्याची मूठभर चिपाडं झाली. शेठ डबा हातात धरून उभे. भाभी दारात आल्या होत्या, त्यांनी वासावरून ओळखलं असावं.

"दुसऱ्यांदा गेलं," शेठ एवढंच म्हणाले.

त्यानंतर देऊळ सागाच्या तुकड्यांतून केलं, घरं सनबोर्डची, कौलं नालीदार पुठ्ठ्याची. पूर्ण हिवाळा त्यात गेला. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायचं असायचं, म्हणून दुपारचा वेळच हाताशी. माझ्या स्टुडिओत बसल्या बसल्या मला डब्यातली गोळी ऐकू यायची. टकटक टकटक. मग शांत. मग पेपर घासल्याचा आवाज. पेठेतले लोक विचारायचे, शेठ काय करतात मागं? मी सांगायचो, गाव.

होळीनंतर एकदा त्यांनी मला खोलीत बोलावलं. अख्खी पेठ प्रायमर मारून उभी होती. ओटे, पायऱ्या, उघडी-मिटलेली दारं, टोकाला देऊळ. सगळं राखाडी. मी वडिलांचा फोटो आणून शेजारी धरला तर दोन्ही एकच. माझ्या अंगावर काटा आला आणि मी काहीतरी फालतू विनोद करून तो घालवला.

आता फक्त रंग राहिले होते. भाभी रोज दुपारी रंगाच्या कंपनीचं शेडकार्ड घेऊन बसायच्या. कार्ड नाकाला लागेल इतकं जवळ धरायचं, मान वळवायची, आणि एकेका चौकोनावर बोट ठेवायचं. "हा न्हाई. हा जरा उतरलेला पायजे. हा." शेठ त्याप्रमाणं डबे मागवायचे. निळ्याचाही आणला आणि मोरपंखीचाही. दोन्ही दारावर धरून बघू, ती सांगंल ते खरं, असं शेठ मला म्हणाले. म्हणजे आतून हरायची तयारी झाली होती.

डबे आले. फळीवर ओळीनं लागले. मी रोज विचारायचो, "शेठ, कधी?" आणि इथंच माझं आणि त्यांचं बिनसलं.

शेठना राखाडीत खोट दिसली. देवळाच्या शिखराला जोड जिथं आला होता तिथं केसाएवढी रेघ. मला ती भिंग दिल्याशिवाय दिसली नाही. शेठनी ती भरली, घासली, पुन्हा प्रायमर. मग एका घराचा उंबरा किंचित तिरका आहे असं निघालं. मग ओट्याच्या दगडांचे सांधे. मी म्हटलं, "शेठ, रंगाखाली हे झाकलं जाईल. भाभींचा डोळा थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

"खोटी पेठ दाखवू का तिला?"

"खोटी कुठं? थोडी वाकडी."

"मला दिसलं ना. दिसल्यावर कसं झाकू?"

मला त्यांचा रागच आला. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत मला गंमत वाटायची, यात वाटली नाही. वैशाखाची कोरडी खणखणीत हवा, हात मारला की वाळावा असे दिवस, आणि हा माणूस पेपर घेऊन केसाएवढी रेघ घासत बसला होता. भाभी शेडकार्ड मांडीवर घेऊन बसून राहायच्या. त्यांना त्यांचा नवरा माहीत होता. मग ज्येष्ठ सरला, भीमाशंकरकडून ढग खाली उतरले, शेठनी रंगाच्या डब्यांवर फडकं टाकलं आणि हात जोडले. चातुर्मास लागला.

मी भाभींकडं जाऊन म्हटलं, तुम्ही तरी सांगा. यंदापुरतं चालवून घ्या म्हणावं. भाभींनी नकारार्थी मान हलवली. "माझ्या डोळ्यासाठी जीव मारायचे, भाऊ? असलं बघून मी काय करू?" त्या आवाजात राग नव्हता. ब्रशनं रंगवा, असंही मी शेठना सुचवून पाहिलं. "ओला रंग तो ओलाच," ते म्हणाले.

श्रावणात भाभी गल्ल्यावर बसायच्या बंद झाल्या. उंबरा दिसत नाही, माणूस सावलीसारखा दिसतो, असं त्या सांगायच्या. शेडकार्ड पुढं धरलं की म्हणायच्या, "उजेड हाय, एवढं कळतं." शेठ दुकानात चुका करायला लागले. अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण इंचाचा पाइप द्यायचे.

आणि एका दुपारी, बाहेर बारीक पाऊस पडत असताना, मला समोरून गोळी वाजल्यासारखी वाटली. मी काम थांबवून ऐकलं. टकटक टकटक. मी रस्ता ओलांडून गेलो तर दुकानात कुणी नाही. मागच्या खोलीचं दार लावलेलं, खिडकीला मच्छरदाणीचं दुहेरी कापड ठोकलेलं. मी दार ढकललं. शेठ उघड्या फळीपुढं उभे होते. शिखराच्या त्या रेघेवर शेवटचा प्रायमरचा हात मारायचा, वाळला की संध्याकाळच्या आत दारांवर रंग, असा त्यांचा बेत होता. पण तशा ओल्या हवेत प्रायमर बसतो कुठला? शिखरावर पांढरट बुरशीसारखा थर आला होता. आणि दुहेरी कापडातूनही चिलटं आत आली होती. शिखरावर, देवळाच्या पायऱ्यांवर, त्यांच्या स्वतःच्या घराच्या ओट्यावर ती चिकटून तडफडत होती.

शेठनी डबा खाली ठेवला होता आणि सुईच्या टोकानं ते एकेक चिलट सोडवायला बघत होते. पंख तिथंच राहत होते. मी त्यांच्या हातातून सुई काढून घेतली.

भाभी मधल्या दारात भिंतीला धरून उभ्या होत्या. "वास आला," त्या म्हणाल्या. शेठनी डब्याला टोपण लावलं. मी सुई तिथंच ठेवून बाहेर पडलो.

पर्युषण, उपासाचं पर्व, आलं तशी भाभींनी रोज सकाळी उपास घ्यायला सुरुवात केली. उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. डॉक्टरांनी त्यांना उपासाला सक्त मनाई केली होती. पण त्या एका वेळी एकाच दिवसाचा उपास घ्यायच्या, त्यामुळं घरात वाटायचं, आज झाला, उद्या सोडतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायच्या. मुलाचा पुण्याहून फोन यायचा, सून रडायची. शेठ त्यांच्या पुढं हात जोडून बसलेले मी स्वतः पाहिले.

"पाप मी केलं. उपास मला करू दे."

"तुमी कुणासाठी केलं?" भाभींनी विचारलं.

आठ दिवसांची अठ्ठाई पुरी व्हायच्या आधीच भाभी देवळाच्या पायरीवर कोसळल्या. मंचरला दवाखान्यात ठेवलं. तिथून आल्या त्या चालत्या-बोलत्या, पण उरलेला उजेड गेलेला. डॉक्टरांनी शेठना दोनदा समजावून सांगितलं की डोळ्याचं आणि उपासाचं असं थेट नातं जोडता येणार नाही, डोळा जाणारच होता. शेठनी ऐकून घेतलं. दुकानात आल्यावर मला म्हणाले, "डॉक्टर चांगला माणूस हाय. मला बरं वाटावं म्हणून झाकतोय." त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचं बोट स्वच्छ दिसलं. दगडावर घासून काढल्यासारखं.

दिवाळी झाली, कार्तिकी पौर्णिमा झाली. हवा कोरडी पडली. मी कान देऊन बसायचो, पण गोळी वाजली नाही. फक्त पेपर घासल्याचा आवाज यायला लागला, कधी सकाळी, कधी दुपारी. मुलानं दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं होतं. दुकानाचा माल हळूहळू दुसऱ्या हार्डवेअरवाल्याकडं जात होता.

जायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो. शेठ मागच्या खोलीत पेपर हातात घेऊन बसले होते, बोट पुन्हा राखाडी. शिखरावरचा पांढरा थर त्यांनी घासून काढला होता, चिलटांची एक खूण राहिली नव्हती, केसाएवढी रेघसुद्धा नव्हती. पेठ जशीच्या तशी होती. सगळी राखाडी. रंगाचे डबे भिंतीशी ओळीनं, सील न तोडलेले.

"आता तर चातुर्मास संपला, शेठ," मी म्हटलं. "मारा की रंग."

"कुठला मारू? चुकला तर सांगणार कोण?"

तेवढ्यात आतून भाभींची हाक आली आणि पाठोपाठ त्या भिंत धरत धरत आल्याच. शेठ उठले, त्यांनी भाभींना फळीपाशी स्टुलावर बसवलं.

"कोण, फोटोवाले भाऊ का?" भाभी म्हणाल्या. "बरं झालं आलात. पेठ पाह्यली का रंगात? मला हे सांगतच न्हाईत. झाला का हो रंग देऊन?"

मी शेठकडं पाहिलं. गंजावर रंग विकायला नकार देणारा माणूस. केसाएवढी रेघ झाकवली नाही म्हणून बायकोचा डोळा हातचा घालवून बसलेला माणूस.

"झाला," शेठ म्हणाले.

भाभींनी हात पुढं केला. शेठनी त्यांचं बोट धरून पेठेच्या सुरुवातीला नेलं. "हे शेंदरी. हे पिस्ता, तू सांगितला तसा, जरा उतरलेला. हे अर्धं हिरवं, अर्धं तसंच ठेवलंय." एकेका राखाडी दारावर बोट टेकवून ते पुढं जात होते. आवाज सरळ, दुकानात माल दाखवताना असायचा तसा. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

त्यांच्या घरापाशी हात थांबला.

"आणि हे?" भाभींनी विचारलं.

"मोरपंखी," शेठ म्हणाले. "तू म्हणत व्हतीस तेच बरोबर व्हतं."

भाभींनी शेठच्या हातातून बोट सोडवून घेतलं. आपलं आपण त्या दारावरून वरून खाली फिरवलं, मग उंबऱ्यावरून. आणि मग सवयीनं ते बोट अंगठ्यावर चोळलं. चोळता चोळता थांबल्या.

"छान बसलाय," भाभी म्हणाल्या. "आता त्याला परत पेपर मारू नका."

शेठनी खिशातून रुमाल काढला, भाभींचा हात हातात घेतला आणि बोटावरची राखाडी पूड पुसायला लागले. भाभींनी पुसू दिली.